फळीच्या पोटात

मननासाठी आज एक तुकडा पुरे आहे. डब्ल्यूपीसीच्या फळीचा, तळहाताएवढा. वुड-प्लास्टिक कंपोझिट हे त्याचं पूर्ण नाव. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये लाकडाची पूड कालवून काढलेली ही फळी. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत, प्लायवुडच्या ज्या दुकानात मापाने माल कापून देतात, तिथे करवतीच्या पायाशी असे तुकडे पडलेले असतात. मागितला तर कुणी नाही म्हणत नाही. नाही मिळाला तरी अडत नाही. तुमचं घर अलीकडचं असेल, तर सिंकखालच्या कपाटाचं दार किंवा बाथरूमची चौकट बहुधा याच मालाची असेल. तिच्यावर हात ठेवा.

सावकाश बसा. डोळे मिटायचे नाहीत, कारण इथे बरंच पाहायचं आहे. श्वास आपल्या चालीने चालू द्या आणि वाचताना मध्ये थांबावंसं वाटलं तर थांबा.

आधी वजन. तुकडा तळहातावर ठेवा आणि त्याचं काही करू नका. हलका लागतो का? इतका हलका, की पाण्यात टाकला तर तरंगेल असं वाटावं? मग तो फेसाळलेल्या पीव्हीसीचा आहे. त्याच्या पोटात डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी बारीक बारीक भोकं आहेत. आपल्याकडे कपाटांना, किचन ट्रॉलीला आणि चौकटींना मुख्यतः हीच जात वापरतात. तुकडा जड लागत असेल, तर तो भरीव. पॉलिइथिलिन किंवा पॉलिप्रॉपिलिन, आणि त्यात जवळजवळ निम्मं लाकूड. गच्चीवर, बागेत, पोहण्याच्या तलावाच्या कडेने ज्या तपकिरी पट्ट्या टाकतात त्या अशा असतात. या दोन्ही मालांना दुकानात नाव एकच: डब्ल्यूपीसी. ही गोष्ट मनात बाजूला ठेवून द्या. पुढे ती लागणार आहे.

आता कापलेली कड पाहा. वरची कातडी गुळगुळीत आहे, पण कडेला फळी स्वतःला लपवू शकत नाही. बारीक तपकिरी ठिपके दिसतात का? ते लाकूड. काही तुकड्यांत ते भरपूर असतात आणि ताजा काप नाकाशी नेला तर भाजल्या लाकडाचा पुसट वास येतो. काही तुकड्यांत मात्र कड पांढरीफटक निघते: पीव्हीसी, चुनखडीची पूड आणि लाकूड जवळजवळ नावापुरतं. फळीवरच्या छापावरून हे कळत नाही. कडेवरून थोडं कळतं.

त्या तपकिरी ठिपक्यांपाशी मन थोडा वेळ राहू द्या. तो भुसा आहे आणि या गावांचं भुशाशी जुनं नातं आहे.

फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिचं नाव उल्हासनगर झालं. सगळं मागे टाकून आलेल्या माणसांनी इथे जे धंदे उभे केले, त्यांतला एक फर्निचरचा. आज ठाणे जिल्ह्यातून लोक लग्नाचा पलंग आणि कपाट घ्यायला उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात येतात. त्याच रेल्वेमार्गावर पुढे अंबरनाथला विम्कोचा काडेपेटीचा कारखाना १९२०च्या दशकात उभा राहिला. सावरीसारखं मऊ, पांढरं लाकूड सोलायचं, त्याच्या काड्या पाडायच्या, मेणात बुडवायच्या आणि टोकाला गूल लावायचा. जिथे करवत आणि रंधा चालतो, तिथे भुसा पडतोच. सुताराने कितीही जपून काम केलं तरी पडतो.

तो भुसा पूर्वी कुठे जायचा, आठवून पाहा. तुमच्या आजीकडे भुशाची शेगडी असेल. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासून भरायचा, मग बाटली हलक्या हाताने फिरवत वर काढायची. मध्ये राहिलेल्या पोकळीत खालून विस्तव लावला की शेगडी तासन् तास धुमसत राहायची. उरलेल्या राखेने भांडी घासली जायची, बाकीची परसातल्या अळवाच्या वाफ्यात. झाड, फळी, भुसा, विस्तव, राख, माती. या वाटेवर कुठेही अडकून पडण्याजोगं काही नव्हतं. धूर होता, आणि तो बायकांच्या डोळ्यांत आणि छातीत जात होता, हेही विसरायचं नाही.

आता तुमच्या हातातला भुसा पाहा. त्याने दुसरी वाट धरली आहे. तो जळला नाही, कुजला नाही, प्लास्टिकमध्ये जाऊन बसला. झाडाने हवेतून घेतलेला कर्ब त्याच्याबरोबर तिथेच थांबला आहे. हे चांगलं की वाईट, असा निवाडा इतक्यात करू नका. आधी हा संसार कसा जुळला ते बघू.

लाकडाला पाण्याची ओढ असते. त्याच्या पेशीभित्तिकांतल्या सेल्युलोजवर ठिकठिकाणी असे गट असतात, जे पाण्याच्या रेणूला धरून ठेवतात. पॉलिइथिलिनचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. पाणी त्याच्यावरून ओघळून जातं. नुसते दोन्ही एकत्र केले तर प्लास्टिक लाकडाच्या कणाभोवती वेटोळं घालून बसतं, पण त्याला धरत नाही. ताण पडला की दोघांमधल्या फटीतूनच फळी तुटते. म्हणून मिश्रणात शेकडा दोन-तीन या प्रमाणात एक मध्यस्थ घालतात. मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिइथिलिन. त्याचं एक टोक लाकडाशी रासायनिक बंध जोडतं आणि लांब शेपूट प्लास्टिकच्या साखळ्यांत गुंतून जाते. फळीची ताकद बऱ्याच अंशी या चिमूटभर मध्यस्थावर असते.

आणि तापमानाची रेषा. साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास लाकूड करपायला लागतं. त्यामुळे ज्याला या रेषेच्या आत वितळता येतं, तेच प्लास्टिक या संसारात येऊ शकतं. पॉलिइथिलिन १३० अंशांच्या आसपास मऊ होतं, पॉलिप्रॉपिलिन १६५च्या सुमारास, पीव्हीसीचं काम १७० ते १९० अंशांत होतं. रेल्वे रुळांच्या कडेने सगळीकडे दिसणारी पाण्याची बाटली ‘पेट’ या प्लास्टिकची. तिला वितळायला २५० अंश लागतात, तोवर लाकडाचा कोळसा झालेला असतो. कुठलंही प्लास्टिक घ्या, भुसा घाला आणि फळी काढा, असं होत नाही. भुसासुद्धा आधी इतका कोरडा करावा लागतो, की त्यात टक्काभर ओल जेमतेम उरावी; नाहीतर यंत्रात त्या ओलीची वाफ होते आणि फळीला नको तिथे फोड येतात.

या नेमकेपणाकडे क्षणभर आदराने पाहा. कुणीतरी हे सगळं जमवलं आहे.

त्याने काय मिळालं, ते बदलापूरच्या पावसाळ्याला विचारा. जुलैत सागाचं दारसुद्धा फुगतं आणि चौकटीला घासतं. लाकूड आडव्या अंगाने वाढतं, लांबीत जवळपास नाही. प्लायवुडच्या कडा सुटतात आणि पार्टिकल बोर्डचं तर विचारूच नका. २६ जुलै २००५ला उल्हास नदीचं पाणी घरांत शिरलं. २०१९च्या जुलैत पुन्हा तेच झालं. २७ तारखेला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. नदीकाठच्या तळमजल्यावर ज्याने फुगलेलं कपाट उचलून रस्त्यावर नेऊन टाकलं आहे, त्याला पाण्याने न फुगणाऱ्या फळीची किंमत दुसऱ्या कुणी सांगावी लागत नाही. वाळवी पीव्हीसीला तोंड लावत नाही. या गोष्टी खऱ्या आहेत, आणि पर्यावरणाची काळजी करणाऱ्यांनी त्या हलक्यात घेऊ नयेत. दर पाच वर्षांनी कुजून फेकलेलं कपाट म्हणजेसुद्धा दर पाच वर्षांनी एक झाड.

तरी ही फळी अमर नाही. भरीव जातीत लाकूड जास्त असलं तर कापलेल्या कडेतून पाणी कणाकणाने आत जातं. अगदी सावकाश, पण जातं. फ्लॉरिडाच्या एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानातल्या लाकूड-प्लास्टिकच्या पायवाटेवर बुरशी वाढलेली मॉरिस आणि कूपर या अभ्यासकांना आढळली आणि १९९८ साली त्यांनी ते नोंदवलं. तोपर्यंत प्लास्टिकच्या वेढ्यात बसलेलं लाकूड कायमचं सुरक्षित आहे, असाच समज होता. ऊनही काम करतं. लाकडातलं लिग्निन उन्हाने झिजतं आणि तपकिरी पट्टी हळूहळू राखाडी होते.

ऊन तिला लांबही करतं. लाकूड पाण्याने हलतं तर ही फळी उष्णतेने. भरीव पॉलिइथिलिनची तीन मीटरची पट्टी पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या तापलेल्या गच्चीपर्यंत तीस अंशांनी तापली, तर तीन-चार मिलिमीटर वाढते. जाणता मिस्त्री तेवढी फट सोडतो. नवखा सोडत नाही आणि मेमध्ये पट्टी कमानीसारखी उचलली जाते.

मग भार. पुस्तकांनी भरलेलं एक फळकूट डोळ्यांसमोर आणा. भरीव डब्ल्यूपीसीचा ताठपणा सागाच्या निम्म्याहूनही कमी भरतो, फेसाळ पीव्हीसीचा त्याहून कमी. शिवाय प्लास्टिक सतत पेललेल्या भाराला हळूहळू वश होतं. आज सरळ दिसणारं फळकूट दोन उन्हाळ्यांनी बाक धरतं आणि पुस्तकं काढली तरी पूर्ण सरळ होत नाही. यावर उपाय जाड फळीचा नाही, आधाराचा. सारखा भार असलेल्या फळकुटाला आधारांमधलं अंतर निम्मं केलं, तर बाक सोळाव्या हिश्शावर येतो. सुताराला हे सूत्र माहीत नसेल, पण मध्ये एक उभी पट्टी टाकायची हे त्याच्या हाताला माहीत असतं.

इथवर आपण फळीचं जगणं पाहिलं. आता तिचा पुढचा जन्म पाहू, आणि इथे मी तुम्हाला जास्त वेळ बसवणार आहे.

तुकडा उलटा करून पाहा आणि विचारा: याची पुन्हा फळी होईल का?

उत्तर सरळ आहे: होईल. लाकूड आणि प्लास्टिक आता वेगळे करता येणार नाहीत; कणकेत मळलेलं मीठ जसं परत काढता येत नाही तसे. पण वेगळे करायची गरजच नाही. तुकडा दळा, वाळवा, पुन्हा वितळवा, फळी काढा. कारखान्यात रोज हेच होतं. सुरुवातीची वाकडी निघालेली फळी आणि कडांच्या कापट्या दळून पुन्हा यंत्रात जातात. दर फेरीत लाकडाचे तंतू थोडे तुटतात आणि रंग थोडा काळवंडतो. किती फेऱ्या चालतील? न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठात बेग आणि पिकरिंग यांनी लाकडाचा तंतू आणि पॉलिप्रॉपिलिन यांचं मिश्रण आठ वेळा दळून पुन्हा घडवून पाहिलं. २००८ साली ते प्रसिद्ध झालं. आठव्या फेरीअखेर ताणाची ताकद सुमारे पावपट घटली होती. म्हणजे तीन-चतुर्थांश शिल्लक होती.

या आकड्यापाशी थांबा. आठ जन्म सोसू शकणारा पदार्थ आपल्या गावांत एका जन्मानंतर डम्पिंगवर जातो. मग अडचण पदार्थात आहे का?

फळी दुकानातून निघते तेव्हापासून तिच्या मागे चाला. मिस्त्री ती मापाने कापतो. वर सनमायका चिकटवतो, कडेला पट्टी लावतो. बिजागऱ्या, स्क्रू, सिंकच्या कडेला सिलिकॉन. पंधरा-वीस वर्षं ती चांगली राहते. मग घर विकलं जातं किंवा इमारत पुनर्विकासाला जाते, आणि हातोड्याने कपाट फोडलं जातं. आता हा तुकडा भंगारवाल्यासमोर पडला आहे. त्याच्यावर सनमायका आहे, गोंद आहे, मोडका स्क्रू आहे. छाप पुसला गेला आहे. हा पीव्हीसी आहे की पॉलिइथिलिन? कुणाला ठाऊक?

भंगारवाल्याचं ज्ञान थोडंथोडकं नाही. प्लास्टिक वाकवून, आपटून, त्याचा आवाज ऐकून तो जात ओळखतो. शंका आली तर पाण्याची बादली असते: पॉलिइथिलिन आणि पॉलिप्रॉपिलिन तरंगतात, पीव्हीसी बुडतं. वर्षानुवर्षं ही बादली खरं बोलत आली. आता आपली ती दोन फळकुटं तिच्यात टाका. पीव्हीसीचं फळकूट पोटातल्या हवेमुळे तरंगतं. पॉलिइथिलिनचं लाकडाच्या वजनाने बुडतं. बादली दोन्ही वेळा उलटं सांगते. आणि पीव्हीसी पॉलिइथिलिनमध्ये मिसळलं तर दोन्ही बिघडतात: ती एकमेकांत विरघळत नाहीत, आणि जास्त तापलेलं पीव्हीसी हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं, जी यंत्राच्या पोलादालाही खाते. जोखीम कोण घेईल? भंगारवाला तुकडा बाजूला सारतो. तो चुकत नाही.

म्हणून मला वाटतं, फळीचा पुनर्जन्म तिच्या रसायनात ठरत नाही. तिची ओळख कुणी जपली का, यावर ठरतो. करवतीखाली पडलेला स्वच्छ तुकडा आणि कपाटातून फोडून काढलेला तुकडा यांच्या पोटात एकच माल आहे. पहिल्याला ओळखणारं माणूस समोर उभं आहे, दुसऱ्याला ओळखणारं कुणी उरलं नाही. एवढाच फरक, आणि तोच सगळा फरक.

‘कचऱ्यापासून बनलेली’ हे शब्द ऐकाल तेव्हा हे आठवा. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेली ट्रेक्स ही कंपनी जुन्या पॉलिइथिलिनच्या पिशव्या, वेष्टनं आणि लाकडाचा भुसा यांतून गच्चीच्या पट्ट्या काढते. काम मोलाचं आहे. पण कचऱ्यातून फळीत येणं आणि फळीतून पुन्हा फळीत येणं या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि दुसरीवर कुणीतरी उभं राहून माल गोळा करावा लागतो. आपल्याकडे प्लास्टिकच्या वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवर नियमाने टाकली आहे. दुधाची पिशवी कुणाची, हे कागदावर तरी ठरलेलं आहे. कपाटाची फळी वेष्टन नाही, म्हणून ती या नियमाबाहेर राहते. माझ्या मते ती आत यायला हवी. निदान प्रत्येक फळीवर, कापली तरी उरेल अशा रीतीने दर फूटभर अंतरावर, आत कुठलं प्लास्टिक आहे ते छापलेलं असायला हवं.

एक गोष्ट मात्र नियमाची वाट न पाहता आजच मनाशी पक्की करा. हिवाळ्यात बांधकामाच्या जागी रखवालदार फर्निचरच्या कामातले तुकडे शेकोटीत टाकतो. लाकडाचे टाकले तर ठीक. या फळीचे टाकू देऊ नका. भुशाच्या शेगडीची सवय या भुशाला लागू पडत नाही; पीव्हीसी जळताना जे निघतं ते त्याच्या आणि त्याच्या मुलांच्या श्वासात जातं. त्याला कारण सांगा, आणि शेकायला दुसरं काहीतरी द्या.

आता मन थोडं व्यवहाराकडे आणा. मननात व्यवहार वर्ज्य नाही. बदलापुरात किंवा पूर्व अंबरनाथला एखाद्या नव्या इमारतीचा ताबा मिळतो तेव्हा काय होतं ते तुम्ही पाहिलं आहे. दोन-तीन महिने प्रत्येक मजल्यावर करवत चालू असते. बहुतेक घरांत तोच माल, त्याच दोन-तीन दुकानांतून आलेला. एका घरातले तुकडे पिशवीभरच निघतात आणि फेसाळ फळी हलकी असल्याने ते टेम्पोच्या भाड्यालाही पुरत नाहीत. पण चाळीस घरांचे एकत्र केले तर कारखान्यासाठी तो सरळ कच्चा माल आहे: एका जातीचा, नवा, सनमायका न लागलेला. सोसायटीच्या फाटकाशी एक गोणी ठेवायची आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘फक्त डब्ल्यूपीसी, पीव्हीसी’ असं लिहायचं. मिस्त्रींना पहिल्याच दिवशी सांगायचं, की चिकटवण्याआधी कापा, म्हणजे तुकडा कोरा राहील. जिथे स्क्रूने भागतं तिथे गोंद लावू नका. दाराच्या आतल्या बाजूला, जिथे बिजागरी बसते तिथे, न पुसणाऱ्या पेनाने मालाची जात आणि साल लिहून ठेवा. बिलाचा फोटो घराच्या कागदपत्रांत राहू द्या.

आणि फळी घेताना, पैसे मोजण्याआधी, दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. आतलं प्लास्टिक कुठलं? कापलेले कोरे तुकडे गोणीने आणले तर तुमची कंपनी परत घेते का? पहिल्याचं उत्तर बहुतेकांना देता येतं. दुसऱ्यावर तो थोडा थांबेल, कारण हे त्याला आजवर फारसं कुणी विचारलेलं नाही. त्याला कंपनीच्या माणसाला फोन लावायला सांगा आणि तो लावेपर्यंत काउंटरपाशी उभे राहा.